ऐकलं तर धरलं

अनोळखी नंबरवरून फोन आला की लोक तो कापतात. मी उचलतो. पलीकडून कुणी प्लॉट विकत असतं, कुणी विमा, आणि मी "नको" म्हणून ठेवून देतो. पण उचलल्यानंतरचा तो पहिला क्षण माझा असतो. त्या क्षणी मला दर वेळी वाटतं, आता एक जाडसर, जरा घोगरा बायकी आवाज येईल आणि म्हणेल, "नमस्कार. गाण्यांच्या यादीच्या ऑफिसातून बोलून राहिली. तुमी एक गाणं घेतलं होतं. त्यातली एक ओळ गुणगुणून दाखवता का जी?"

तो आवाज प्रभाताई रंगारींचा. त्या माझ्या साहेब होत्या. सहा वर्षं मी त्यांच्या समोरच्या टेबलावर बसलो, आणि त्या सहा वर्षांत त्यांनी हजारो लोकांकडून फोनवर गाणी म्हणवून घेतली. थट्टा नाही. त्याचाच आम्हाला पगार होता.

आता कोण कुठलं गाणं किती वेळा ऐकतं ते फोन परस्पर कळवून टाकतो. तेव्हा तसं नव्हतं. गाणं विकत घेऊन मोबाईलवर उतरवायचं, डाउनलोड करायचं, असे ते दिवस. देशभरात कोणतं गाणं किती जणांनी घेतलं याची पन्नास गाण्यांची यादी दर शुक्रवारी मुंबईहून निघे, आणि संध्याकाळी टीव्हीवर एक चकचकीत जाकिटवाला पन्नासपासून एकपर्यंत ती वाचून दाखवी. पन्नासावं गाणं तो एका श्वासात उरकायचा. पण त्या एका श्वासात आपलं नाव यावं म्हणून लोक काय काय करत, ते आम्हाला विचारा.

त्या यादीचं मध्य विभागाचं ऑफिस नागपुरात होतं. नागपूर देशाच्या मध्यावर आहे म्हणून, असं मुंबईचे साहेब सांगत. लकडगंजात भाडं कमी आहे म्हणून, असं प्रभाताई सांगत. खाली करसनभाईंची लाकूड चिरायची आरामशीन, वर आम्ही. सागवानाचा भुसा जिन्यावरून थेट आमच्या डब्यापर्यंत यायचा. पहिल्या महिन्यात मला भाजीत तो लागायचा, पुढं लागेनासा झाला.

मी त्याआधी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो. तो बंद पडला, आणि छत्तिसाव्या वर्षी मी मुलाखतीला प्रभाताईंसमोर बसलो. बुटक्या, रुंद बांध्याच्या, सुती साडीचा पदर घट्ट खोचलेला, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. माझे कागद त्यांनी पाहिलेच नाहीत.

"गाता काय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"घरात कोनी?"

"कुणीच नाही."

"छान. उद्यापासून या."

आमचं काम बेरजेचं असेल असं मला वाटलं होतं. निघालं ते खोडायचं. गाणी विकणाऱ्या कंपन्यांकडून विक्रीचे तक्ते येत. कोणत्या मोबाईल नंबरानं कोणतं गाणं कधी घेतलं, सगळं त्यात असे. शुक्रवार ते गुरुवार हा आमचा आठवडा. एका नंबरानं एकच गाणं दहा वेळा घेतलं तरी ते एकदाच धरायचं. फुकट वाटलेलं धरायचं नाही. आमच्या ऑफिसातल्या माणसानं घेतलेलं तर मुळीच धरायचं नाही. आणि एखादं गाणं एका भागात अचानक उसळलं, तर त्यातले वीस नंबर निवडून गुरुवारी फोन करायचा आणि विचारायचं, हे गाणं तुम्हीच घेतलं ना? नियमाच्या पुस्तकात एवढंच होतं. उत्तर 'हो' किंवा 'नाही'.

प्रभाताईंचा 'हो'वर काडीचा विश्वास नव्हता. "हो तं कोनीबी म्हणते," त्या म्हणायच्या. "हो म्हणाचे पैसे पडते काय? ज्यानं गाणं घेतलं आणि ऐकलं, त्याले ते येते. घेतलं आणि नाई ऐकलं, त्याचं काय धराचं?" म्हणून त्यांनी ही गुणगुणायची पद्धत काढली. ती पुस्तकात कुठंच नव्हती. पण त्यांनी खोडलेलं गाणं पुढं कधी खरं निघालं नाही आणि धरलेलं कधी खोटं निघालं नाही, म्हणून मुंबईनं डोळेझाक केली. 'ऐकलं तर धरलं' हे त्यांचं सूत्र. त्यांच्याकडं एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल असे. लालनं खोडायचं, निळ्यानं धरायचं. लाल बाजू कायम लवकर संपायची. मग उरलेलं बोटभर निळं त्यांना फेकवत नसे. ड्रॉवरमध्ये निळ्या बुटक्यांचा हा ढीग.

गुरुवारी अकरा ते एक फोन चालत. खाली आरा किंचाळत असे, आणि पलीकडचा माणूस गुणगुणत असे. कसं ऐकू येणार? प्रभाताई फोनची लांब वायर ओढत खिडकीशी जाऊन उभ्या राहत. रिसीव्हर कानाला लागलेला दिसला की खाली करसनभाई हात वर करत, कामगार लाकूड मागं ओढून घेई आणि आरा नुसता गुरगुरत राही. ओळ ऐकून झाली की ताई खिडकीतून हात हलवत. चालू. असं दोन तासांत वीस वेळा. याच्या बदल्यात करसनभाईंना हिवाळाभर दर गुरुवारी ताईंच्या हातची, कोथिंबीर भरलेली सांबारवडी मिळे. त्यांना खरं तर पहिल्या नंबरचं गाणं आदल्या दिवशी हवं असायचं. मेहुण्याशी पैज लावायची असे.

"बेन, एक बार बता दो. मेरे पेट में रहेगा."

"करसनभाई, पेटात वडी ठेवा. नंबर उद्या टीवीवर पाहा."

काय काय ऐकलं आम्ही त्या फोनवर! वर्धा रोडवर एका ट्रकवाल्यानं गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि अख्खं कडवं म्हटलं. एक बाई म्हणाली, "मॅडम, पोळी जळून राहिली ना वं, मुखडाच म्हणू काय?" आणि उलथण्याच्या आवाजावर तिनं मुखडा म्हटला. भंडाऱ्याच्या एका म्हाताऱ्याला शब्द आठवेनात. तो बराच वेळ "थांबा, थांबा" म्हणत राहिला, मग त्यानं कशावर तरी बोटांनी नुसता ठेका धरला. ताईंनी डोळे मिटून तो ऐकला. "शब्द इसरला," त्या मला म्हणाल्या, "पण ठेका नाई चुकला. धरा."

एकदा एका बिल्डरनं पुतण्याचं गाणं यादीत चढवायचा घाट घातला. नऊशे वेगवेगळ्या नंबरांवरून खरेदी. तक्ता बघायला अगदी निर्मळ. ताईंनी वीस फोन केले. वीसपैकी एकालाही गाणं येईना. एकानं घाबरून आरती म्हटली. एकजण म्हणाला, "मले काय मालूम जी, साहेबायनं बटन दाबाले लावलं." नऊशेच्या नऊशे लाल. दुसऱ्या दिवशी बिल्डर स्वतः संत्राबर्फीचा खोका घेऊन जिना चढून आला. ताईंनी त्याला बसवलं, पाणी दिलं, खोका आला तसा त्याच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "तुमी बी घेतलं असंन ना गाणं? गुणगुणून दाखवा." तो माणूस लाजला. मग घसा खाकरून त्यानं पुतण्याचं गाणं सुरू केलं. बेसूर होता, पण अंतऱ्यासकट सगळं पाठ होतं. शेवटी शेवटी तर डोळे मिटून हात हलवत होता. ताईंनी तक्त्यात त्याचा नंबर शोधला, लाल रेघ खोडरबरानं पुसली आणि त्यावर निळी खूण केली.

"एक धरलं," त्या म्हणाल्या.

तो हसत हसत जिना उतरला, बर्फी घेऊन. मला त्या बर्फीचं आजही वाईट वाटतं.

आणखी एक सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. एका नंबराचं एकच धरायचं, हा नियम मुंबईत बसून ठीक होता. आमच्याकडं गोंदिया, गडचिरोलीपर्यंतचे लोक मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात जात, दुकानदार आपल्या नंबरवरून गाणं घेई आणि गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये भरून देई. पन्नास माणसं आणि नंबर एक. म्हणजे एकोणपन्नास माणसं आमच्या हिशेबी जन्मालाच आलेली नव्हती. यासाठी प्रभाताई मुंबईशी दीड वर्ष भांडल्या. त्यांचा एक फोन मी समोर बसून ऐकला आहे. "साहेब, तुमच्याकडं माणसामागं मोबाईल असंन. आमच्याकडं मोबाईलमागं मोहल्ला आहे. तो मोजाचा का नाई मोजाचा, ते सांगा." शेवटी पुस्तकात एक नवं कलम आलं. दुकानदारानं गिऱ्हाइकांसाठी घेतलेली गाणी विभागप्रमुखानं खातरजमा करून माणशी एक धरावीत. त्या दिवशी ताईंनी आम्हा सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घातले.

इतक्या गाण्यांत बसून त्या स्वतः मात्र कधी गुणगुणल्या नाहीत. मी गात नाही, पण माझ्याही तोंडात दिवसभर काही ना काही असायचं. त्यांच्या नाही. एकदा विचारलं, काहून म्हणून. "मोजणाऱ्यानं गुणगुणू नये," त्या म्हणाल्या. "काटा हलते." मला तेव्हा ते शिस्तीचं वाक्य वाटलं होतं.

मे महिन्यातली गोष्ट. कूलर नुसता गरम वारा फेकत होता. नव्या आलेल्या गाण्यांचं अर्धं मिनिट ऐकून नाव-गाव जुळतंय का ते बघायचं काम ताई करत होत्या. मध्येच त्यांनी कानावरचा हेडफोन काढला. पाणी प्यायल्या. पुन्हा लावला, पुन्हा काढला.

"कोतेवार, हे तुमी ऐका. माहे कान भरले."

मी ऐकलं. कुठल्या तरी कार्यक्रमात जुन्या टेपवर उतरवलेला एका माणसाचा आवाज होता. मागं डफ, लोकांचा कालवा, एक लहान मूल रडत होतं. कंपनीनं खरखर जमेल तेवढी साफ केली होती. "साऱ्या जगाले लाइट देल्ली, माह्या घरी कंदील गा." आवाज असा होता की शेवटच्या 'गा'वर तो माणूस तुमच्या खांद्यावर हात ठेवतोय असं वाटावं. तक्त्यात लिहिलं होतं, गायक सोमाजी शाहीर, कोराडी. मी म्हटलं, "ताई, जुळतंय." त्यांनी माझ्याकडं न बघता मान हलवली.

दोन आठवड्यांनी ते गाणं उसळलं. भंडारा, गोंदिया, नागपूर सगळीकडून थोडं थोडं होतंच, आणि कोराडीच्या एकाच नंबरवरून चारशे बारा. मी आकडे मांडून बघितले. ते चारशे बारा धरले तर गाणं देशाच्या यादीत पन्नासावं येत होतं. एकोणपन्नासावं नाही, अगदी बरोबर पन्नासावं. मी उठून ताईंकडं गेलो.

"ताई, कोराडी. दुकानदाराचा नंबर दिसतो. तुमच्या कलमात बसतं. फोन लावू?"

"नका लावू."

"अहो, पण..."

"एका नंबरचं एक. नियम आहे ना? एक धरा."

मी उभाच राहिलो. ज्या कलमासाठी या बाई दीड वर्ष भांडल्या, तेच कलम मी त्यांना आठवण करून देत होतो, आणि त्या खिडकीतून खाली लाकडाच्या थप्प्यांकडं बघत होत्या. ऊन लागलं असेल, असं मला वाटलं. चारशे अकरावर लाल रेघ मी माझ्या हातानं मारली. मला तो फोन लावता आला असता. आरा चालू असता तरी लावता आला असता. मी लावला नाही.

यादी शुक्रवारी निघाली. शनिवारी दुपारी जिन्यावर पावलं वाजली आणि चाळिशीतला एक माणूस घामानं भिजून आत आला. बगलेत शाळेची दोनशे पानी वही होती.

"जयभीम," तो म्हणाला.

"जयभीम. बसा," ताई म्हणाल्या.

त्याचं नाव रमेश बोरकर. कोराडीला वीज केंद्राच्या रस्त्यावर त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. तो भांडायला आलेला नव्हता, हेच अवघड होतं. त्याला फक्त समजून घ्यायचं होतं.

"मॅडम, आमच्या गावचं गाणं यादीत काहून नाई आलं जी? चारशे बारा लोकायनं घेतलं. एक बी खोटं नाई. मी एकेकाच्या फोनात भरून देल्लं आणि नाव लिहून घेतलं, का बा कोनी सुटू नये म्हणून. पाहा ना." त्यानं वही उघडली. नाव, घर, फोन नंबर. कुठं निळी शाई, कुठं काळी, कुठं मुलांच्या हातची पेन्सिल. "काल आमी चौकात टीवी लावला होता. खुर्च्या आनल्या. सोमाजी बाबासोबत राख उचलणारे म्हातारे समोर बसवले. त्या जाकिटवाल्यानं पन्नासावं भलतंच सांगितलं. म्हटलं, वर असंन आपलं. एकपर्यंत आमी बसून होतो."

ताईंनी वही आपल्याकडं ओढली. पान उलटलं, दुसरं उलटलं. मग चष्मा काढून दोरीवर सोडला.

"तुमची चूक नाई. चूक माही आहे," त्या म्हणाल्या. "एक फोन केला असता तं सारं धरलं असतं. मी केला नाई. हे कोतेवार करतो म्हणत होते, त्यायले बी मीच नाई म्हटलं."

"पण काहून जी?"

"ते माहे बाबा होते."

बोरकर बघतच राहिला. मी पण. इतक्या वर्षांत मला त्यांचं माहेर कोराडीचं आहे हेही ठाऊक नव्हतं. सक्करदऱ्याचं घर, वारलेले रंगारी साहेब, भोपाळला नोकरी करणारा मुलगा, एवढंच माहीत. वडील आठ वर्षांमागं गेलेले. छप्पन साली दीक्षेच्या दिवशी आपल्या आजोबांच्या खांद्यावर बसून नागपूरला आलेला लहानगा सोमाजी पुढं वीज केंद्राची राख उचलायला ठेकेदाराकडं लागला आणि संध्याकाळी डफ घेऊन वस्त्या-वस्त्यांतून गायला. झोपड्यांत तेव्हा वीज नव्हती. हे सगळं ताईंनी त्या दुपारी बोरकरला सांगितलं, मी ऐकलं.

"मंग तं मॅडम..." बोरकरनं वहीकडं पाहिलं. "तुमचे बाबा, आणि तुमीच..."

"म्हणूनच," ताई म्हणाल्या. "ज्या दिवशी ते गाणं कानात आलं, त्या दिवशीपासून मले एकच वाटून राहिलं होतं, का बाबाचं नाव यादीत आलं पाह्यजे. इतकं वाटून राहिलं, का माहाच माह्यावर भरवसा नाई राहिला. मी फोन केला असता आणि कोनी चुकीचं म्हटलं असतं, तरी मी धरलं असतं. म्हणून केलाच नाई." त्यांनी वही मिटली. "दुसऱ्या कोनाचा बाप असता, तं मी केला असता."

त्यांनी मुंबईला फोन लावला, बोरकरसमोरच. निघालेली यादी बदलत नाही, असं तिकडून सांगितलं गेलं. पुढच्या आठवड्यात बघू, म्हणाले. पण कोराडीनं गाणं घेऊन झालं होतं. एकदा घेतलेलं गाणं माणूस पुन्हा कशाला घेईल? पुढच्या आठवड्यात सोमाजी बाबांच्या नावासमोर सतरा होते.

बोरकर उठला. ताई म्हणाल्या, "वही ठेवून जाता काय?" त्यानं ठेवली. दारात वळून तो म्हणाला, "तुमच्या आवाजात हाये जी थोडं. बाबाचं." आणि गेला.

यानंतर ताई बदलल्या असं मी म्हणणार नाही. तसाच पदर, तशीच पेन्सिल, करसनभाईंना तशीच वडी. फक्त गुरुवारी एक वाजता ऑफिसचे फोन संपले, की त्या खिडकीतून हात हलवत नसत. आणखी पाच फोन करत, आपल्या मोबाईलवरून. त्या आधी त्या कधी मोबाईलवर ऑफिसात बोलल्या नव्हत्या. बोरकरची वही समोर असायची. "नमस्कार. गाण्यांच्या यादीच्या ऑफिसातून बोलून राहिली." दर गुरुवारी पाच. जास्त नाही, कमी नाही. करसनभाईंना कोणी काही सांगितलं नव्हतं, पण कानाला फोन दिसतोय तोवर त्यांचा हात वरच असे. कोराडीची माणसं गुणगुणत. कुणी पूर्ण गाणं म्हणे, कुणी रडे. ज्यांचे नंबर बदलले ते बोरकर शोधून देई. दरम्यान जे वारले त्यांच्या घरच्यांकडून ताई ओळ ऐकत आणि निळी खूण करत. या खुणा कुठल्याच यादीत जाणार नव्हत्या, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी एकदा तसं म्हणालो. म्हणायला नको होतं.

"यादीत नाई जाणार," त्या म्हणाल्या. "पण ऐकाचं तं राहिलं होतं ना."

दीडेक वर्षात ते फोन संपले. तोवर आमचं कामही संपत आलं होतं. लोक गाणी विकत घेईनासे झाले, नुसती ऐकू लागले, आणि ऐकणं मोजायला माणूस लागत नाही. तक्ते पातळ होत गेले. कॉम्प्युटरवर बसणाऱ्या दोन मुली होत्या, त्या दुसरीकडं लागल्या. एक दिवस मुंबईचं पत्र आलं. शेवटचा दिवस गुरुवार पडला, हे त्या लोकांच्या लक्षातही आलं नसेल.

त्या दिवशी खोडायला काहीच नव्हतं. अकरा वाजता ताई सवयीनं खिडकीशी गेल्या आणि परत आल्या. आम्ही कपाटं रिकामी केली. पाच वाजता त्यांनी पर्स उचलली. त्यांना मुलाकडं भोपाळला जायचं होतं, दुसऱ्याच आठवड्यात. माझ्यासमोर बोरकरची वही ठेवली.

"हे बोरकरले देजा. आणि तुमी गात नाई हे बरं आहे, पण थोडं गुणगुणत जा. आता काही मोजाचं नाई आहे." एवढं बोलून त्या जिना उतरल्या. निरोपाचं त्यांना जमायचं नाही.

मी वही चाळली. पहिल्या पानापासून निळ्या खुणा, चारशे बारा. शेवटच्या पानावर, बोरकरच्या अक्षरांखाली, ताईंच्या हातची एक ओळ होती. 'चारशे तेरा. प्रभा सोमाजी. कर्मचारी. वगळले.' त्यावर लाल रेघ. म्हणजे ते गाणं आलं त्या मे महिन्यात त्यांनीही आपल्या नंबरवरून ते विकत घेतलं होतं, आणि स्वतःला स्वतःच खोडलं होतं.

मी घड्याळ बघितलं. पाच वाजून गेले होते. ऑफिस बंद झालं होतं. म्हणजे आता त्या कर्मचारी नव्हत्या.

ऑफिसचा फोन उद्या कापणार होते, आज चालू होता. मी वायर ओढत खिडकीशी गेलो. खाली गल्लीत लाकडाच्या थप्प्यांमध्ये ताई स्कूटीची किल्ली लावत होत्या. मी त्यांचा नंबर फिरवला. त्यांनी पर्समध्ये हात घातला, ऑफिसचा नंबर बघितला, आणि फोन कानाला लावून वर पाहिलं.

"नमस्कार," मी म्हणालो. "गाण्यांच्या यादीच्या ऑफिसातून बोलून राहिलो. तुमी एक गाणं घेतलं होतं. त्यातली एक ओळ गुणगुणून दाखवता का जी?"

आरा किंचाळत होता. त्या वर बघत तशाच उभ्या होत्या, एक हात स्कूटीच्या हँडलवर. मग गल्लीच्या टोकाला करसनभाई गिऱ्हाइकाशी बोलता बोलता वळले, त्यांना ताईंच्या कानाला फोन दिसला, आणि त्यांचा हात आपोआप वर गेला. लाकूड मागं सरलं. आवाज थांबला.

त्या शांततेत प्रभाताईंनी बापाची ओळ म्हटली. आधी अगदी हळू, दुसऱ्याचं भांडं हातात घेतल्यासारखी. मग पुन्हा एकदा, पूर्ण. शेवटच्या 'गा'वर आवाज बरोबर तिथंच टेकला, जिथं त्या जुन्या टेपवर टेकला होता. बोरकर म्हणाला होता ते खरं होतं.

"ऐकलं, ताई," मी म्हणालो. "धरलं."

त्यांनी फोन पर्समध्ये ठेवला. करसनभाईंकडं बघून हात हलवला, चालू करा म्हणून. आरा पुन्हा सुरू झाला, आणि त्यांची स्कूटी थप्प्यांमधून वळून दिसेनाशी झाली. मी त्यांच्या ड्रॉवरमधून निळ्या पेन्सिलीचा एक बुटका काढला आणि वहीवर वाकलो.